कच्ची वही फाडू नका!

प्रयोगशाळेत पाऊल टाकताच शिक्षक एक नियम सांगतात. वाचन घेतले, की ते लगेच कच्च्या वहीत लिहायचे. चुकले असे वाटले तरी खोडरबर वापरायचा नाही; एक रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहायचा. घरी जाऊन पक्की वही हवी तेवढी सुबक करावी, आलेख रंगवावा, सरासरी काढावी. पण कच्ची वही जपून ठेवायची. पक्क्या वहीतील उत्तराबद्दल कुणी शंका घेतली, तर निवाडा कच्च्या वहीतच व्हायचा असतो.

हा नियम आपण तापमापकाला लावतो, लंबकाला लावतो, तराजूला लावतो. कॅमेऱ्याला मात्र लावत नाही. आज शाळेच्या विज्ञान प्रकल्पांत छायाचित्र हे सर्रास 'पुरावा' म्हणून जोडले जाते. पानाचा रंग, चंद्रावरील विवरे, द्रावणाचा बदललेला रंग, ताऱ्याची तेजस्विता हे सारे मोबाईलने टिपले जाते आणि त्यावरून निष्कर्षही काढले जातात. पण ते छायाचित्र कच्च्या वहीतले आहे की पक्क्या वहीतले, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. तो विचारला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅमेरा काय मोजतो?

अंकीय कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी एक संवेदक असतो. त्यावर लक्षावधी सूक्ष्म कप्पे असतात. पावसात अंगणात वाट्या मांडून ठेवल्या, तर प्रत्येक वाटीत तेथे पडलेल्या सरींइतके पाणी साठते. तसेच या कप्प्यांत पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात विद्युतभार साठतो. कॅमेरा प्रत्येक कप्प्यातील भार मोजतो आणि त्याचा एक आकडा करतो. मोजणी १२ बिटांची असेल तर ० ते ४०९५ अशा ४०९६ पायऱ्या मिळतात. १४ बिटांची असेल तर १६,३८४.

या कप्प्यांना रंग कळत नाही, फक्त प्रकाश किती आला एवढेच कळते. म्हणून प्रत्येक कप्प्यावर तांबड्या, हिरव्या किंवा निळ्या काचेचा एक इवलासा चष्मा बसवलेला असतो. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी या चष्म्यांची जी मांडणी सुचवली, तिचे पेटंट त्यांना १९७६ साली मिळाले. तीत निम्मे चष्मे हिरवे, पाव तांबडे आणि पाव निळे असतात. आपला डोळा बारकावे टिपताना हिरव्या प्रकाशावर अधिक भिस्त ठेवतो, म्हणून हिरव्याला झुकते माप. बहुतेक कॅमेऱ्यांत आजही हीच मांडणी असते.

आता एक गंमत पाहा. तयार रंगीत चित्रात प्रत्येक बिंदूला तीन आकडे लागतात: तांबडा, हिरवा आणि निळा. कॅमेऱ्याने मात्र त्या ठिकाणी एकच आकडा मोजलेला असतो. उरलेले दोन तो शेजाऱ्यांकडे पाहून अनुमानाने भरतो. म्हणजे तुमच्या सुंदर रंगीत फोटोतील तीनपैकी दोन आकडे मोजलेले नसून काढलेले असतात!

संवेदकाने मोजलेले आकडे कोणतेही संस्कार न करता जसेच्या तसे ठेवले, तर तयार होते ती 'रॉ' फाईल. रॉ म्हणजे कच्ची. हीच कॅमेऱ्याची कच्ची वही.

पक्की वही कशी तयार होते?

आपल्याला पडद्यावर दिसतो तो फोटो बहुधा 'जेपेग' प्रकारचा असतो. कच्च्या आकड्यांपासून तेथवर येताना कॅमेरा अनेक निर्णय घेतो, आणि ते सर्व आपल्याला न विचारता.

पहिला निर्णय रंगाचा. दिव्याच्या पिवळ्या उजेडात पांढरा कागद पिवळसर दिसतो. कॅमेरा अंदाज बांधतो की हा कागद पांढराच असावा, आणि त्या हिशेबाने सर्व रंग सरकवतो. दुसरा निर्णय उजेडाचा. अंधाऱ्या भागातील फरक आपल्या डोळ्याला चटकन कळतात, झगझगीत भागातील तितके कळत नाहीत. म्हणून कॅमेरा गडद भागातील आकडे वर उचलतो आणि उजळ भागातील जवळजवळ आणतो. हे करतानाच हजारो पायऱ्यांचा जिना अवघ्या २५६ पायऱ्यांचा होतो. तिसरा निर्णय कडा धारदार करण्याचा आणि चौथा रवाळपणा पुसून टाकण्याचा.

यानंतर येते खरे संक्षेपीकरण. त्यामागचे गणित विलक्षण सुंदर आहे, आणि त्याचा भारताशी संबंध आहे. बंगळूरमध्ये जन्मलेले अभियंता नसीर अहमद यांनी १९७२ साली अमेरिकेत या कल्पनेवर संशोधन करण्यासाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. ते नाकारले गेले. अहमद थांबले नाहीत. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी १९७४ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. आज जगातील असंख्य छायाचित्रे या 'कोसाइन रूपांतरा'च्या आधारे साठवली जातात. तज्ज्ञांच्या ज्या संयुक्त गटाने ते छायाचित्रांसाठी प्रमाण म्हणून स्वीकारले, त्या गटाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'जेपेग' हे नाव पडले. हे प्रमाण १९९२ साली संमत झाले.

रीत थोडक्यात अशी. चित्राचे ८ बाय ८ बिंदूंचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनातील ६४ आकड्यांऐवजी दुसरे ६४ आकडे काढतात. त्यांतील पहिला चौकोनाचा सरासरी उजेड सांगतो. पुढचे आकडे उजेड सावकाश बदलतो की भराभर, हे सांगतात. येथपर्यंत काहीच हरवलेले नसते. मग प्रत्येक आकड्याला एका ठरावीक संख्येने भागून जवळच्या पूर्णांकात बदलतात. समजा आकडा ३७ आहे आणि भाजक १०. भागाकार ३.७, म्हणून लिहिले ४. चित्र पुन्हा उघडताना ४ गुणिले १० म्हणजे ४० मिळतात, ३७ नव्हे. आणि आकडा मुळात ३ असेल तर भागाकार ०.३, म्हणून लिहिले शून्य. शून्याला कितीही ने गुणा, ते ३ परत येत नाहीत. बारीक तपशील सांगणाऱ्या आकड्यांसाठी भाजक मोठे असतात, त्यामुळे त्यांतील पुष्कळसे शून्य होतात. शून्यांची लांबलचक रांग लिहायला जागा फारच थोडी लागते. फाईल लहान होण्याचे रहस्य हेच.

बचत किती होते? २ कोटी ४० लाख चित्रबिंदूंचा कॅमेरा घ्या. प्रत्येक बिंदूला तीन आकडे आणि प्रत्येक आकड्याला एक बाइट, म्हणजे ७२ मेगाबाइट. जेपेग तेच चित्र ८-१० मेगाबाइटांत बसवते आणि डोळ्याला फरक कळतही नाही. मानवी डोळ्याला काय दिसत नाही, याचा इतका चतुर उपयोग क्वचितच कुणी केला असेल. म्हणून जेपेगला नावे ठेवणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. अडचण एवढीच, की जेपेग मानवी डोळ्यासाठी घडवलेले आहे, मापनासाठी नव्हे.

मापनात काय बिघडते?

समजा दोन मेणबत्त्यांच्या उजेडाची तुलना करायची आहे. जेपेग चित्रात एका कागदाचा आकडा २०० आला, दुसऱ्याचा १००. पहिल्यावर दुप्पट प्रकाश पडला, असे आपण लिहून मोकळे होऊ. ते साफ चूक ठरेल. पडद्यावरील चित्रांसाठी जे नेहमीचे प्रमाण वापरतात, त्यानुसार २०० आणि १०० या आकड्यांमागील प्रकाशाचे गुणोत्तर सुमारे साडेचार पट निघते. शिवाय कॅमेऱ्याने स्वतःच्या आवडीप्रमाणे उजेडाचा आलेख आणखी वाकवला असेल, तर साडेचारचाही भरवसा नाही. रॉ फाईलमध्ये मात्र आकडा आणि प्रकाश यांचा आलेख जवळजवळ सरळ रेषा असतो. अंधारातही जो थोडा आकडा येतो तो वजा केला, की दुप्पट प्रकाशाला दुप्पट आकडा मिळतो.

हा केवळ पुस्तकी मुद्दा नाही. २०१९ च्या अखेरीस मृग नक्षत्रातील काक्षी हा तांबूस तारा मंदावू लागला. एरवी त्याची प्रत सुमारे ०.५ असते, फेब्रुवारी २०२० मध्ये ती सुमारे १.६ झाली. म्हणजे त्याचे तेज जवळजवळ एकतृतीयांशावर आले. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या द्रव्यापासून तयार झालेली धूळ त्याच्या आड आली, असे पुढे संशोधकांनी दाखवले. अशा रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी ठेवण्यात जगभरचे हौशी निरीक्षक मोठा वाटा उचलतात. अमेरिकेतील रूपविकारी तारे निरीक्षकांची संस्था साध्या कॅमेऱ्याने तेज कसे मोजावे, याचे मार्गदर्शन करते आणि त्यासाठी रॉ फाईलच वापरावयास सांगते. रोहिणी आणि प्रश्वा यांच्याशी काक्षीची तुलना करणे शाळेच्या गच्चीवरूनही शक्य आहे. पण जेपेगमध्ये तेजस्वी ताऱ्यांचे आकडे २५५ च्या छताला टेकून सपाट होतात किंवा आलेखाच्या वाकणात हरवतात. अशा मापनावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

भातपिकाचे उदाहरण घ्या. भाताच्या पानाचा हिरवेपणा रंगपट्टीशी ताडून नत्रखत केव्हा द्यावे, हे ठरवण्याची पद्धत आहे. हेच काम मोबाईलने करून पाहण्याचा प्रकल्प एखादा विद्यार्थी हाती घेईल, आणि कल्पना चांगलीच आहे. परंतु कॅमेऱ्याने सकाळी एक रंग 'बरोबर' मानला आणि दुपारी दुसरा, तर पान तेच राहूनही आकडे बदलतील. मग पिकाला नत्र कमी पडले की कॅमेऱ्याचा विचार बदलला, हे कसे ओळखणार? येथे प्रश्न गुणांचा उरत नाही. खताच्या गोणीचा आणि शेतकऱ्याच्या पैशाचा होतो.

संक्षेपीकरणाने डोळ्यादेखत घात केल्याचेही एक प्रसिद्ध उदाहरण आहे. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले, की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे कागदांची प्रतिमा घेताना अंक चक्क बदलत होती. घराच्या एका नकाशात २१.११ चौरस मीटरच्या खोलीवर १४.१३ हा शेजारच्या खोलीचा आकडा उमटला होता. तेथील संक्षेपीकरण जेपेगहून वेगळ्या जातीचे होते. सारखे दिसणारे तुकडे शोधायचे, एकच तुकडा साठवायचा आणि तोच सगळीकडे चिकटवायचा, अशी ती युक्ती. आकडे अस्पष्ट झाले असते तर पाहणाऱ्याला संशय तरी आला असता. येथे आकडे स्वच्छ, सुबक आणि चुकीचे होते! कंपनीला पुढे आज्ञावलीत दुरुस्ती करावी लागली. पण मूळ कागद फाडून टाकणाऱ्याला त्या दुरुस्तीचा काय उपयोग?

दुसरी बाजू

आता विरुद्ध बाजूही ऐकली पाहिजे. छायाचित्रणाच्या छंदात मुरलेले काही जण नेहमी रॉ आणि फक्त रॉ, असा आग्रह धरतात. जेपेग म्हणजे नवशिक्यांचे काम, असेही सुचवतात. मला हे मान्य नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे चारशे फोटो कच्च्या फाईलींत ठेवून काय साधणार? एकेक फाईल २५ मेगाबाइटची धरली तर दहा गिगाबाइट जागा जाईल, ती उघडायला खास आज्ञावली लागेल, आणि प्रत्येक फोटो हाताने 'धुवावा' लागेल. एवढे करून आजीला फोटो पाठवायचा तो जेपेगच!

शिवाय कच्ची फाईल म्हणजे गंगाजल नव्हे. प्रत्येक कंपनीची रॉ फाईल वेगळ्या घाटाची असते. कॅननची निकॉनला कळत नाही आणि निकॉनची सोनीला. आणखी तीस वर्षांनी ती उघडणारी आज्ञावली मिळेल काय, हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच अॅडोबी कंपनीने २००४ साली 'डीएनजी' हा खुला प्रकार पुढे आणला. काही कॅमेरे रॉ फाईलमध्येही थोडी काटछाट करतात, हेही ध्यानात ठेवावे.

सर्वांत वजनदार आक्षेप वृत्तसंस्थांकडून आला. २०१५ साली रॉयटर्स या वृत्तसंस्थेने बाहेरच्या छायाचित्रकारांना कळवले, की रॉ फाईलवर संस्कार करून बनवलेले फोटो पाठवू नका. कॅमेऱ्यातून थेट निघालेले जेपेगच पाठवा. कारणे दोन: वेग आणि सचोटी. कच्च्या आकड्यांवर हवे तसे संस्कार करता येतात. आभाळ काळे करता येते, धूर दाट करता येतो. कॅमेऱ्याने बनवलेल्या चित्रात निदान छायाचित्रकाराचा हात तरी नसतो. हा युक्तिवाद पोकळ नाही. पण गंमत अशी, की वर्ल्ड प्रेस फोटो ही नावाजलेली स्पर्धा त्याच सचोटीसाठी छायाचित्रकारांकडून कॅमेऱ्यातील मूळ फाईल मागवते आणि अंतिम चित्र तिच्याशी ताडून पाहते.

या दोन नियमांत विरोध आहे काय? मला तसे वाटत नाही. रॉ फाईल अधिक 'खरी' असते, असा माझा दावाच नाही. ती तपासता येते, एवढाच दावा आहे. विज्ञानात खरे बोलणाऱ्याचीही उलटतपासणी होते. 'माझ्यावर विश्वास ठेवा' असे म्हणण्याची तेथे सोय नाही. 'ही माझी कच्ची वही, तुम्हीच पडताळून पाहा' असे म्हणावे लागते.

उद्याचा प्रश्न आज ठाऊक नसतो

मूळ नोंद जपण्याचे आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोठे आहे. तमिळनाडूतील कोडाइकनाल वेधशाळेत १९०४ पासून सूर्याची छायाचित्रे घेतली जाऊ लागली. पिढ्यान्पिढ्या निरीक्षकांनी ती काचेच्या तबकड्यांवर आणि फिल्मवर टिपली आणि जपली. त्या काळी संगणक नव्हते आणि कृत्रिम उपग्रहही नव्हते. शंभर वर्षांनी या नोंदींचे अंकीकरण झाले आणि आज संशोधक त्यांतून सौरचक्रांचा अभ्यास करतात. 'प्रत्येक दिवसाचे डाग मोजून आकडा लिहिला, आता तबकडी कशाला हवी?' असा हिशेब त्या निरीक्षकांनी केला असता, तर नव्या प्रश्नांची उत्तरे शोधायला आपल्या हाती काय उरले असते?

मंगळावर २०१२ साली उतरलेल्या 'क्युरिऑसिटी' गाडीची रीतही शिकण्याजोगी आहे. तेथून पृथ्वीवर माहिती पाठवणे संथ आणि महाग. म्हणून गाडीचे मुख्य कॅमेरे मूळ चित्र आपल्या स्मृतीत ठेवतात आणि आधी इवलीशी प्रतिमा पाठवतात. ती पाहून शास्त्रज्ञ ठरवतात, की कोणते चित्र संक्षिप्त चालेल आणि कोणते काहीही न गमावता हवे. संक्षेप आणि मूळ या दोहोंचा किती समंजस संसार आहे हा!

मग आपण काय करावे?

माझे म्हणणे तीन वाक्यांत सांगतो. फोटो दाखवायचा असेल तर जेपेग पुरेसे आहे. फोटोवरून काही मोजायचे असेल तर रॉ हवी. आणि पुढे काय लागेल हे आज ठाऊक नसेल तर दोन्ही ठेवावीत. पुष्कळ कॅमेऱ्यांत एकाच वेळी दोन्ही साठवण्याची सोय असते.

यासाठी महागडा कॅमेराच हवा असे नाही. अँड्रॉइड फोनांत २०१४ पासून आणि आयफोनांत २०१६ पासून कच्ची फाईल मिळवण्याची व्यवस्था आली. प्रत्येक फोनमध्ये ती उघडी नसते. पण 'प्रो' नावाच्या विभागात किंवा एखाद्या वेगळ्या अॅपमध्ये ती सापडण्याचा संभव असतो. फोनमध्ये रॉची सोय नसेल, तर निदान पुढील पथ्ये पाळा. प्रत्येक फोटोत पांढऱ्या आणि करड्या कागदाचा तुकडा ठेवा. रंग आणि उजेड यांची स्वयंचलित व्यवस्था शक्य असल्यास बंद करा. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या रीतीने पाठवलेला फोटो पुन्हा आवळला जातो. म्हणून प्रकल्पाची छायाचित्रे 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

शिक्षकांना एक विनंती. प्रकल्प तपासताना छायाचित्र सुबक आहे काय, एवढेच पाहू नका. 'मूळ फाईल कुठे आहे?' असेही विचारा. ६४ गिगाबाइटच्या एका कार्डात २५ मेगाबाइटच्या सुमारे अडीच हजार कच्च्या फाईली मावतात. एका शाळेच्या वर्षभराच्या प्रकल्पांना एवढी जागा पुरून उरेल. प्रयोगशाळेच्या कपाटात जशा जुन्या प्रयोगवह्या असतात, तसे हे कार्डही असावे, आणि त्याची एक नक्कल दुसऱ्या ठिकाणी असावी.

विद्यार्थी मित्रांनो, एक सोपा प्रयोग आजच करून पाहा. बारीक नक्षीच्या कापडाचा जेपेग फोटो घ्या. तो संगणकावर उघडा, थोडासा कापा आणि कमी प्रतीच्या जेपेगमध्ये साठवा. साठवलेली फाईल उघडून पुन्हा थोडी कापा आणि पुन्हा साठवा. असे दहा वेळा करून पहिला आणि शेवटचा फोटो खूप मोठे करून शेजारी ठेवा. ८ बाय ८ चे चौकोन आणि कडांभोवतीची धुसर जाळी तुम्हाला दिसू लागेल. आता शेवटच्या फोटोपासून पहिला परत मिळवण्याचा प्रयत्न करा. तो जमणार नाही. कच्च्यापासून पक्के कधीही करता येते; पक्क्यापासून कच्चे कधीच करता येत नाही. काय टाकायचे हे ठरवण्याचा हक्क म्हणूनच यंत्राला देण्यापूर्वी क्षणभर थांबा, आणि तो निर्णय आपण स्वतः, विचारपूर्वक घ्या.